सड्यावरचे धन आणि पायथ्याचे पाणी

कोकणाच्या दारिद्र्याविषयी बोलण्याची एक ठरावीक रीत पडून गेलेली आहे. जमीन खडकाळ, पाऊस उदंड पण पाणी टिकत नाही, शेताचे तुकडे लहान आणि घरटी एक माणूस मुंबईला. या गाऱ्हाण्याच्या शेवटी हमखास एक आशावादी वाक्य येते. कोकणच्या खडकात धन दडलेले आहे, ते बाहेर काढण्याचा अवकाश, की या भूमीचे दैन्य फिटेल, असे ते वाक्य असते. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, राजपुरीच्या खाडीपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतच्या पट्ट्यात, हे वाक्य केवळ भाषणापुरते राहिलेले नाही. बोर्ली पंचतनसारख्या बाजारगावाच्या भोवतालचे डोंगर, दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांना पाठीशी घालून उभे असलेले जांभ्याचे सडे आणि राजपुरीच्या मुखाशी उभे राहिलेले दिघीचे बंदर ही तीन नावे एका ओळीत लिहिली, की खाण, वाहतूक आणि निर्यात असा एक हिशेब आपोआप जुळतो. हिशेब सोपा आहे. तो पुरा आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

या धनाची जात आधी ओळखली पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यांतून तयार झालेला काळा पाषाण पुढे कोट्यवधी वर्षे ऊन-पावसात झिजत राहिला. मुसळधार पावसाने त्यातील सिलिका, चुना, सोडियम ही द्रव्ये हळूहळू धुऊन नेली. मागे राहिली ती लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. हाच आपला जांभा. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज अमदानीतील निरीक्षकाने मलबारात हा दगड पाहून विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले, ते १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. ताजा असताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवेवर ठेवला की टणक होतो, हा त्याचा गुण कोकणातला पाथरवट बुकॅननच्या कितीतरी आधीपासून जाणत होता. या जांभ्यात जेथे लोहाचा अंश कमी आणि ॲल्युमिनियमचा अधिक, तेथे बॉक्साइट सापडतो. महाराष्ट्रात कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे यांच्याबरोबर रायगड जिल्ह्यातही तो आहे, आणि रायगडात श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूचे सडे त्यासाठी भूवैज्ञानिकांना परिचित आहेत.

तेव्हा खनिज आहे, याविषयी वाद नाही. परंतु खनिज असणे आणि खनिजामुळे संपन्न होणे यांत मोठे अंतर आहे, आणि कोकणचा खाण-इतिहास म्हणजे बव्हंशी या अंतराचाच इतिहास होय.

या किनाऱ्यावरचा सर्वांत जुना खनिज-व्यवसाय कोणता, असे विचारले तर पेण-उरणकडची मिठागरे आणि गावोगावच्या चिऱ्याच्या खाणी यांकडेच बोट दाखवावे लागेल. १९४८ पर्यंत श्रीवर्धन-म्हसळा-मुरूडचा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात होता. विलीनीकरणानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. नावे आणि सत्ता बदलल्या, तरी चिऱ्याचा धंदा तसाच चालू राहिला. त्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. चिरा जेथे निघतो तेथेच घराच्या भिंतीत बसतो. खाणमालक, चिरे काढणारा, गाडीवाला, गवंडी आणि घरमालक हे एकाच पंचक्रोशीतले असतात. उत्पन्न थोडे, पण ते गावातच फिरते. सागरी व्यापारासाठी काढल्या जाणाऱ्या खनिजाचे अर्थकारण याच्या अगदी उलट असते.

ॲल्युमिनियमचेच उदाहरण घ्यावे. एक टन धातू मिळविण्यासाठी सुमारे चार टन बॉक्साइट लागतो. त्यातून दोन टन ॲल्युमिना निघतो आणि त्याचा धातू करण्यासाठी सुमारे चौदा हजार युनिट वीज खर्ची पडते. म्हणजे मातीची धातू होण्याच्या प्रवासात मोलाची खरी वाढ होते ती विजेच्या भट्टीपाशी, खाणीपाशी नव्हे. देशातील ॲल्युमिनियमचे कारखाने रेणुकूट, कोरबा, हिराकुड अशा वीज स्वस्त असलेल्या ठिकाणी उभे राहिले, त्याचे कारण हेच. कोल्हापूरच्या घाटमाथ्यावरील दुर्गमानवाड, चंदगड भागातला बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे गेला. डोंगर महाराष्ट्राचा आणि कारखाना कर्नाटकाचा, अशी ती वाटणी झाली. रायगड जिल्ह्यातच तळोजे येथे ॲल्युमिनियमचे पत्रे लाटण्याचा कारखाना आहे. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला बॉक्साइटचे सडे आहेत. परंतु या दोहोंना जोडणारी भट्टी जिल्ह्यात नाही. धातू बाहेरून येतो, माती बाहेर जाते.

हुकलेला कारखाना

अशी भट्टी कोकणात उभारण्याचा विचारच झाला नव्हता, असे मात्र नाही. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारत ॲल्युमिनियम कंपनीच्या आराखड्यात कोरब्याबरोबर कोयनेचेही नाव होते. पुढे रत्नागिरीजवळ प्रकल्प उभारण्याचे ठरले, त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनीही घेण्यात आल्या. परंतु सत्तरच्या दशकात पूर्व घाटात बॉक्साइटचे प्रचंड साठे उजेडात आले, १९८१ मध्ये ओडिशासाठी नाल्को ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि या उद्योगाचे गुरुत्वकेंद्र पूर्वेकडे सरकले. रत्नागिरीचा कारखाना कागदावरच राहिला. नव्वदच्या दशकात त्या औद्योगिक क्षेत्रात तांब्याचा कारखाना येऊ घातला, तेव्हा बागायतदार आणि मच्छीमार यांनी त्याला कडवा विरोध केला. १९९३ च्या सुमारास तो थांबला आणि तमिळनाडूतील तुतिकोरिनला गेला. तुतिकोरिनला २०१८ मध्ये त्याच कारखान्याविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तेरा माणसे मृत्युमुखी पडली आणि कारखाना बंद झाला. रत्नागिरीकरांच्या विरोधाला त्या वेळी विकासविरोधी म्हणून हिणविणाऱ्यांनी हा उत्तरार्धही वाचला पाहिजे. पण त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे की, कोकणाच्या वाट्याला कारखाना आला नाही म्हणून कोकणातली खाण थांबली नाही. मोलवाढीचा टप्पा हुकला आणि खोदाईचा टप्पा तेवढा पदरात पडला.

दक्षिणेकडे पाहिले तर हेच चित्र अधिक ठळक होते. सिंधुदुर्गातील रेडीचे लोहखनिज दशकानुदशके रेडीच्याच बंदरातून परदेशी गेले. कणकवली भागातील क्रोमाइट, कासार्ड्याची सिलिका वाळू, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील इल्मेनाइटची काळी रेती अशी या दोन जिल्ह्यांची खनिज-यादी लांबलचक आहे, आणि शालेय भूगोलाच्या पुस्तकांत ती अभिमानाने छापलीही जाते. परंतु या यादीमुळे सिंधुदुर्गातून मुंबई-गोव्याकडे जाणारा तरुण थांबला, असे कोणी म्हणणार नाही. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे भर पावसात खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचा लोंढा खालच्या घरांत आणि बागांत शिरला. खाणीचे उत्पन्न एका खात्यात जमा होते आणि तिचा खर्च भलत्याच खात्यात पडतो, हे एरवी पुस्तकातून शिकवावे लागते. कळण्याला ते पावसाने एका सकाळीत शिकविले.

भांडवल की उत्पन्न?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खाणीचा प्रश्न एका साध्या भेदापाशी येऊन ठेपतो. झाडाची फळे विकणे हे उत्पन्न होय, झाड विकणे हे भांडवल मोडणे होय. खनिज हे झाडासारखे आहे, फळासारखे नाही. एकदा गेलेला टन पुन्हा उगवत नाही. म्हणून खनिजाच्या विक्रीतून आलेला पैसा चालू खर्चात वापरणारे सरकार आणि घरातली भांडी विकून सण साजरा करणारे कुटुंब यांत तत्त्वतः फरक नाही. जॉन हार्टविक या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हाच नियम गणिताने मांडला. संपणाऱ्या साधनाचा सारा निव्वळ नफा टिकाऊ भांडवलात गुंतविला, तरच पुढच्या पिढीचे राहणीमान कायम राहू शकते.

हा नियम पाळणारे आणि मोडणारे, दोन्ही जगाने पाहिले आहेत. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नासाठी स्वतंत्र निधी उभारला आणि त्याच्या परताव्यावरच हात ठेवण्याची शिस्त लावून घेतली. उलट प्रशांत महासागरातले नाउरू हे चिमुकले बेट १९६८ मध्ये स्वतंत्र झाले, फॉस्फेटच्या जोरावर काही वर्षे जगातील श्रीमंतांत मोजले गेले आणि साठे संपत आले तेव्हा त्याच्यापाशी खरवडलेली भूमी आणि उधळलेला निधी एवढेच उरले. आपल्या शेजारी गोव्यात २०१२ मध्ये शहा आयोगाच्या अहवालानंतर लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्पादनावर दोन कोटी टनांची मर्यादा घालून विक्रीमूल्याचा दहा टक्के हिस्सा एका कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला. पुढील पिढ्यांचा वाटा ही कल्पना आपल्या देशात न्यायालयाला सांगावी लागली, सरकारला आपणहून सुचली नाही, ही गोष्ट बोलकी आहे. इतके होऊनही २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले अठ्ठ्याऐंशी पट्टे रद्द झाले आणि खाणींवर पोट असलेल्या गावांची पुन्हा एकवार दैना उडाली. ज्या गावाचे सारे अर्थकारण एकाच खनिजाला बांधले जाते, त्या गावाचे दैव न्यायालयाच्या, बाजाराच्या किंवा चीनच्या पोलाद-उद्योगाच्या हाती जाते.

आता गावाच्या पदरात प्रत्यक्ष काय पडते, ते पाहू. ॲल्युमिनियम काढण्यासाठी जाणाऱ्या बॉक्साइटवरील स्वामित्वधन लंडनच्या धातुबाजारातील ॲल्युमिनियमच्या भावाच्या ०.६० टक्के, तेही खनिजातील धातूच्या अंशापुरते, असे २०१४ च्या दरपत्रकाने ठरविले. समजा, धातूचा भाव टनाला अडीच हजार डॉलर आहे, खनिजात ॲल्युमिना निम्मा, म्हणजे धातू सुमारे सव्वीस टक्के आहे आणि डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा आहे. या गृहीतांवर टनामागे स्वामित्वधन साधारण तीनशे तीस रुपये होते. ते राज्याच्या तिजोरीत जाते. २०१५ च्या दुरुस्तीने निर्माण झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जुन्या पट्ट्यांवर याच्या तीस टक्के, म्हणजे शंभरेक रुपये, आणि लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांवर दहा टक्के, म्हणजे तेहतीस रुपये येतात. लिलावातील अधिमूल्य मोठे असू शकते, पण तेही राज्याचेच. निर्यातीला वा अन्य उपयोगाला जाणाऱ्या मालावर विक्रीमूल्याच्या पंचवीस टक्के असा वेगळा दर आहे, पण वाटणीची रीत तीच. सारांश, ज्या गावाच्या रस्त्यावरून तो टन ट्रकमधून गेला, ज्याच्या भातखाचरात त्याचा गाळ उतरला, त्या गावापर्यंत पोचण्याची निदान कायदेशीर शक्यता असलेली रक्कम टनामागे तेहतीस ते शंभर रुपये, आणि तीही जिल्ह्याच्या समितीतून पाझरत येणारी. उघड्या खाणीत मुख्य काम यंत्रे करतात. रोजगार मिळतो, नाही असे नाही, पण खाण चालेल तितकीच वर्षे.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला की, स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिज-हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. म्हणजे यापुढे आपल्या हाती काही नाही, सारे दिल्लीत ठरते, ही सबब महाराष्ट्र सरकारला पूर्वीइतक्या सहजपणे सांगता येणार नाही.

पाण्याचा हिशेब

वरच्या आकडेमोडीत एक रक्कम अजून धरलेलीच नाही, ती पाण्याची. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात सडा पाणी पितो. खाली चिकट मातीचा थर लागला, की ते पाणी अडते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पायथ्याच्या विहिरी आणि नारळी-पोफळीच्या वाड्या त्या ओलाव्यावर उन्हाळा काढतात. वरवर उजाड, पडीक दिसणारा सडा हा वस्तुतः गावाचा हौद आहे. सरकारी दप्तरात तो पोटखराबा म्हणून नोंदलेला असल्यामुळे त्याची किंमत शून्याच्या आसपास धरली जाते, आणि खाणीसाठी स्वस्तात देता येणारी जमीन म्हणून नेमका तोच पुढे केला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या अशाच सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ज्याला पडीक म्हटले ते किती भरलेले होते, याचे याहून मोठे प्रमाण कोणते?

श्रीवर्धनची रोठा सुपारी ही या हौदाची लेक आहे. पिढ्यानुपिढ्या दरवर्षी फळ देणारे हे पीक म्हणजे हार्टविकच्या नियमाची जिती आवृत्तीच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांतील पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरायला बरीच वर्षे लागतात. नुकसानभरपाई एका वर्षाची मिळते आणि तोटा मात्र कित्येक वर्षांचा असतो. अशा मोकळ्या वर्षांत, ज्या बागायतदाराच्या हाती पैसा नाही त्याच्यापुढे सड्याच्या जमिनीचा रोख भाव ठेवला गेला, तर त्याने तो नाकारावा, असा उपदेश दूरच्या शहरात बसून करणे सोपे आहे. अडलेल्याचा सौदा हा खरा सौदा नव्हे. म्हणून खाणीचा प्रश्न हा वस्तुतः बागायतीच्या पतपुरवठ्याचाही प्रश्न आहे. वाडी पुन्हा उभी राहीपर्यंत तग धरता येईल असे दीर्घ मुदतीचे कर्ज आणि पीकविमा मिळाला, तरच सड्याचा मालक मोकळ्या मनाने हो किंवा नाही म्हणू शकेल.

याचा अर्थ एकही कुदळ पडू नये, असा नव्हे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात भात शिजवून आणि ॲल्युमिनियमच्याच तारांतून आलेली वीज वापरून खाणीला सरसकट विरोध करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या डोंगराला हात नको, ओडिशातील आदिवासींचा डोंगर खणा, ही भूमिका तर त्याहूनही अनुदार आहे. प्रश्न खाण हवी की नको एवढाच नसून, कोठे, किती, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या संमतीने, हा आहे. २०१० मध्ये केंद्राने रत्नागिरी-सिंधुदुर्गातील नव्या खाण-परवानग्यांना काही काळ स्थगिती दिली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये त्या भागाचा सविस्तर विचार केला. बाणकोटच्या खाडीअलीकडचा रायगड स्थगितीबाहेर राहिला. सड्याला मात्र जिल्ह्याची हद्द कळत नाही. खाडीच्या दक्षिणेला जो जांभा नाजूक, तोच उत्तरेला धट्टाकट्टा कसा ठरतो?

तेव्हा काही गोष्टी तरी पट्टा देण्याआधी झाल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे प्रत्येक सड्याच्या पायथ्याचे झरे आणि विहिरी यांची गावनिहाय मोजणी, तीही शिमग्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत. ज्या सड्यावर गावाचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे तो सडा खाणीच्या यादीतून कायमचा वगळावा. दुसरी म्हणजे वरची माती राखून ठेवून खड्डा टप्प्याटप्प्याने भरत जाण्याची सक्ती. त्यासाठी घेतली जाणारी आर्थिक हमी प्रत्यक्ष भरणीच्या खर्चाएवढी असावी, नाममात्र नसावी. तिसरी म्हणजे गोव्याच्या धर्तीवर जिल्ह्याचा कायम निधी. त्याचे मुद्दल मोडता येऊ नये आणि व्याजातून पहिला हक्क खाणीच्या पंचक्रोशीतल्या पाण्याचा, शाळेचा आणि दवाखान्याचा असावा. चौथी म्हणजे हिशेबाचा फलक. किती टन गेला, किती स्वामित्वधन भरले, प्रतिष्ठानाकडे किती आले आणि त्यातले गावात किती उतरले, हे चार आकडे दर तिमाहीला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले पाहिजेत. २००६ च्या अधिसूचनेने ठरविलेली जनसुनावणी हे आकडे हाती नसताना घेणे म्हणजे निव्वळ उपचार होय.

या अटींमुळे काही पट्टे परवडणार नाहीत, अशी तक्रार निघेल. निघू द्यावी. झरे आटविण्याचा, रस्ते उखडण्याचा आणि खड्डे उघडे टाकण्याचा खर्च गावावर ढकलला, तरच जी खाण नफ्यात येते, ती मुळात नफ्यात नाहीच. तिचा तोटा दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो, इतकेच. आणि जमिनीत राहिलेले खनिज नासत नाही. आज न काढलेला बॉक्साइट उद्या अधिक चांगल्या तंत्राने, अधिक चांगल्या भावाने आणि कदाचित अधिक शहाण्या कायद्याखाली काढता येईल. आटलेल्या झऱ्याच्या बाबतीत अशी कोणतीही मुदतवाढ मिळत नाही.

दिघीचे बंदर २०२१ मध्ये नव्या मालकाकडे गेले. त्याचा विस्तार होईल, रस्ते रुंदावतील आणि सुटा माल स्वस्तात बाहेर नेण्याची सोय वाढेल. सोय वाढली की मागणी वाढते. तेव्हा बोर्ली पंचतनच्या परिसराने आपले म्हणणे ठरविण्याची वेळ पहिला ट्रक सड्यावर चढल्यानंतरची नव्हे, ती आताची आहे. ग्रामसभांनी आपापल्या सड्यांचे पाणी मोजून, त्याची नोंद ठरावात घालून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविला, तर पुढच्या प्रत्येक सौद्यात ती नोंद टेबलावर राहील. ज्या मालमत्तेची मोजदाद मालकानेच केलेली नाही, तिची किंमत गिऱ्हाईक ठरवितो. कोकणाने हे पुष्कळदा सोसले आहे. या खेपेस तरी गावाने स्वतःची वही आधी उघडावी.